ऐनाचा शेंडा

खालची वाडी, जयगड
२९ नोव्हेंबर १९३१

चि. हरीस सगुणाआक्काचे पोटभर आशीर्वाद.

मागच्या पत्राला उत्तर आलं नाही म्हणून तुझ्यावर रागावून बसले होते. पण आज राग बाजूला ठेवते, कारण बातमीच तशी आहे. आपल्या आप्पांचा फोटो निघाला! हसू नकोस. खरोखरीचा फोटो, तिकाटण्यावरच्या पेटीतून काढलेला.

डोंगर आणि झाडं बघत फिरणारा एक गोरा साहेब होडीतून आला होता. बरोबर मराठी बोलणारा कारकून. आप्पा पाणंदीजवळच्या ऐनाच्या झाडाखाली बांध घालत होते आणि मी त्यांची पेज घेऊन गेले होते. कारकून म्हणाला, तुम्ही लोक शेतात जाळायला फांद्यांचं कवळ कसं तोडता ते साहेबांना झाडावर चढून दाखवा. कवळाचे दिवस अजून आले नाहीत, ऐन पानांनी भरलेला. पण साहेब सांगतो म्हटल्यावर आप्पांनी कमरेच्या आकडीला कोयती अडकवली आणि चढले सरसर. या वयात! मुंडाशाचा पदर नेहमीसारखा दातात धरलेला.

कारकून खालून म्हणाला, हे चित्र पुण्याच्या कॉलेजात जंगल शिकणाऱ्या मुलांना दाखवणार आहेत. झालं! आप्पांनी दातातला पदर सोडला आणि वरूनच ओरडले, "माजा पोरगा हाय तितं! हरिश्चंद्र!" साहेबाला काय कळलं देव जाणे, पण तो हसला आणि त्यानं फोटो काढला.

तेव्हापासून आप्पा वाडीत कुणालाही धरून उभे करतात आणि फोटोची गोष्ट सांगतात. जनीकाकींनी तर ती इतक्यांदा ऐकलीय की आता आप्पा चुकले तर त्या सुधारतात. तर तू लक्ष ठेव. फोटो आला की कसा आलाय, आप्पा कसे दिसतात, सगळं सविस्तर कळव.

आणि दुसरं. लोक विचारतात, हरी शिकून होणार कोण? शेतकीत लागणार की जंगलात? खोतांचा भिकाजी तुझ्याच कॉलेजात, पण तो आला की नुसता चहा पितो, सांगत काही नाही. स्कॉलरशिप मिळाली एवढं मला माहीत आहे, पुढचं तूच लिही. तुझं पत्र मी पडवीत मोठ्यानं वाचते आणि निम्मी वाडी ऐकायला असते, तेव्हा जरा नीट लिही.

तुझ्या भावोजींची बोट एडनला आहे, ती येईपर्यंत मी आप्पांकडेच. माझी तब्येत ठीक.

तुझी आक्का


पुणे
१४ डिसेंबर १९३१

सौ. आक्कास हरीचा नमस्कार. आप्पांना दंडवत.

पत्र वाचून खोलीतल्या मुलांनी विचारले, एकटाच का हसतोस. आप्पा आणि फोटो! मी रोज वाट पाहीन. वर्गात तो फोटो दिसला की उभा राहून सगळ्यांना सांगेन, हे आमचे आप्पा.

आता मी होणार कोण, ते. आक्का, हे मला स्वतःलाच पुरते उमगलेले नाही, तरी लिहितो. आपल्या मुंबई युनिव्हर्सिटीत जंगलाची म्हणून वेगळी पदवी नाही. बी. एस्सी. करून वनस्पतिशास्त्र घेता येते, पण तिथे झाड भेटते ते कागदात दाबून वाळवलेले. मी शिकतो ती बी. एजी., म्हणजे शेतकीची पदवी. तिच्यात जंगल हा विषय आहे, पण ताटातल्या लोणच्याइतका. ती पुरी केली तर शेतकी खात्यात नोकरी मिळेल, कदाचित आपल्याच जिल्ह्यात. जंगलाची खरीखुरी पदवी हवी तर विलायतेला जावे लागते. ते आपले काम नव्हे.

राहिले देहरादून. तिथे पदवी मिळत नाही, पण दोन वर्षे खऱ्या जंगलात राहून शिकवतात आणि रेंजर करून सोडतात. सरकार मुले निवडून पाठवते आणि खर्चही करते. आमच्या इलाख्यातून जागा थोड्या. प्रोफेसरांची शिफारस लागते आणि मग तीन अधिकारी मुलाखत घेतात. मला तेच हवे आहे. लहानपणी आप्पांच्या मागून रानात हिंडलो, तेव्हापासून दुसरे काही नकोच होते. प्रोफेसर अजून मला नावानेही ओळखत नाहीत, हीच अडचण.

आप्पांना एक सांग, रागावू नका म्हणावं. कवळ जरा बेताने तोडा. दरवर्षी झाडे छाटून आणि जमीन भाजून रत्नागिरीचे डोंगर बोडके झाले, असे आमच्या पुस्तकात लिहिले आहे.

हरी


खालची वाडी
१० जानेवारी १९३२

चि. हरीस आशीर्वाद.

तुझं पत्र पडवीत वाचलं. "उभा राहून सांगेन" हे वाक्य आप्पांनी मला पुन्हा वाचायला लावलं. मग काकींना नीट ऐकू आलं नाही असं त्यांनीच ठरवलं आणि तिसऱ्यांदा वाचून घेतलं.

पुस्तकाचं ऐकून मात्र खूप हसले. म्हणाले, "त्या पुस्तकवाल्याला इचार, फांद्या जाळून जमीन भाजली नाय तर भाताचा तरवा उगवंल कसा? सगळा तण माजंल." कवळ तोडायला लागलेत. भारे बांधून शेतात रचतायत, शिमगा झाला की भाजावळ.

तू होणार कोण, याचा निकाल त्यांनी एका दमात लावला. जिकडं झाडं जास्त तिकडं जा, म्हणाले. म्हणजे देहरादून. किती लांब ते मी सांगितलं नाही.

आता एक गोष्ट फक्त तुझ्यासाठी, ही मी वाचून दाखवणार नाही. त्या दिवशी फोटोसाठी आप्पांनी ऐनाचा शेंडा तोडला.

तुला पहिल्यांदा झाडावर चढवलं तेव्हा आठवतं ना काय म्हणाले होते? फांद्या आपल्या, शेंडा झाडाचा. आपल्याकडे कुणी कधी शेंड्याला कोयती लावली नाही. पण फांद्या उतरवून झाल्यावर कारकून म्हणाला, "वरचंही काढा, साहेबांना झाड साफ हवंय." आप्पा वर तसेच उभे राहिले. मला वाटलं उतरतील. मग म्हणाले, "पोराच्या कालेजात जायाचाय ना? घ्या." आणि तोडला. खाली उतरल्यावर मला म्हणाले, हे कुणाला बोलू नको. आता रोज येता-जाता त्या झाडाकडे बघतात. अजून फूट आलेली नाही.

तेव्हा फोटो आला की चांगलं चार ओळी लिही. त्यांच्या जिवाला बरं वाटेल.

आक्का


पुणे
३१ जानेवारी १९३२

सौ. आक्कास सा. नमस्कार.

पत्र मिळाले. अभ्यास फार आहे, त्यामुळे लांबलचक लिहिता येत नाही. फोटो अद्याप दिसला नाही. असल्या फोटोंच्या काचा पुष्कळदा बिघडतात, तेव्हा त्याची वाट पाहू नये आणि लोकांना सांगत बसू नये. पुन्हा पुन्हा विचारूही नये.

देहरादूनसाठी प्रोफेसरांनी माझी शिफारस केली आहे. एप्रिलात मुलाखत.

प्रकृतीस जपावे.

हरिश्चंद्र


खालची वाडी
११ फेब्रुवारी १९३२

हरी,

हे काय पत्र लिहिलंस? बिनमिठाची पेज बरी. शिफारस झाली ही एवढी आनंदाची बातमी, तीसुद्धा कुणाच्या तरी सुतकाची कळवावी तशी कळवलीस. आणि सही "हरिश्चंद्र"! मी काय तुझी सरकारी कचेरी आहे?

पडवी भरलेली होती. आप्पा खांबाला टेकून बसलेले, मुंडासंही स्वच्छ बांधून आलेले. विठू पोस्टमननं आणलेलं पाकीट मी फोडलं आणि मनात एकदा वाचलं. "लोकांना सांगत बसू नये" हे मी त्या माणसाला कसं वाचून दाखवू?

मग मी नाही ते केलं. मी वाचलं, फोटो आला. मोठ्या पडद्यावर दाखवला. हरी उभा राहिला आणि म्हणाला, हे माझे आप्पा. सगळ्या मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि प्रोफेसरांनी खूश होऊन त्याची शिफारस केली. एवढं सगळं कागदावर बघत बघत वाचलं. शाळेत चौथीत पहिली आले होते, त्याचा हा उपयोग.

आप्पा उठून आत गेले आणि देवाजवळ दिवा लावला. दुसऱ्या दिवसापासून वाडीला फोटोची नवी गोष्ट, टाळ्यांसकट.

आता मला रात्रंदिवस धाकधूक. तू काहीतरी कर. फोटो शोध, सापडला की खरोखरीच उभा राहा, म्हणजे माझं खोटं खरं होईल. आणि तुझं काय बिनसलंय तेही लिही. माझ्या सासरच्या पत्त्यावर लिही, तिथं पत्र मोठ्यानं वाच म्हणणारं कुणी नाही.

आक्का


पुणे
२० फेब्रुवारी १९३२

आक्का,

तुझं पत्र वाचून मी जेवलो नाही. फोटो आला होता. मी ते पत्र लिहिलं त्याच्या आधीच आला होता.

दुपारी खिडक्यांना काळे पडदे लावून मॅजिक लँटर्नवर, म्हणजे काचेवरची चित्रं दिव्यानं पडद्यावर पाडून, व्याख्यान होतं. कोकणातल्या उघड्या डोंगरांची चित्रं एकामागून एक चालली होती. एक काच उलटी लागली. पडद्यावर एक माणूस डोकं खाली, पाय वर. मुलं हसायला लागली. मग काच सुलटी केली, तरी हसणं थांबेना, कारण त्या माणसाच्या अंगावर लंगोटीशिवाय काही नव्हतं आणि मुंडाशाचा पदर दातात होता. कुणीतरी मागून म्हणालं, माकड. खांबासारखं सोललेलं झाड आणि त्याच्या टोकाला आप्पा. हातात शेंडा.

प्रोफेसर म्हणाले, रत्नागिरीच्या जंगलाचा वैरी कोण ते नीट बघून घ्या. हा अडाणी माणूस झाडाचा शेंडासुद्धा ठेवत नाही. मग विचारलं, रत्नागिरीकडचं इथं कोण आहे? मुलांनी माझ्याकडे बोट केलं. मी उभा राहिलो.

आक्का, मी उभा राहिलो होतो. तोंडातून शब्द निघणारच होते. पण हसणं अजून चालू होतं आणि सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "नाही सर. आमच्याकडे शेंडा राखतात. हा माणूस आमच्याकडला नव्हे."

तू मला जे कानात सांगावं तसं कळवलं होतंस, त्याचाच मी असा उपयोग केला. तो शेंडा माझ्यासाठी तुटला हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून बोललो.

पुढचं ऐक. प्रोफेसर खूश झाले. बारकाईनं बघणं याला म्हणतात, असं सर्वांदेखत म्हणाले. माझं नाव विचारलं. दुसऱ्या दिवशी बोलावून शिफारस लिहून दिली. म्हणजे तू वाचलंस ते सगळंच खोटं नव्हतं. फोटोवरूनच शिफारस झाली.

मला आरशात बघवत नाही. मुलं पाठ थोपटतात तर अंग आक्रसून घेतो. आप्पांना सांगायची छाती नाही, तूही सांगू नकोस. पण भिकाजी त्या दिवशी मागच्या बाकावर होता. त्यानं आप्पांना ओळखलं. बाहेर पडताना माझ्याकडे नुसतं बघितलं. तो शिमग्याला घरी येणार आहे.

हरी


खालची वाडी
२ एप्रिल १९३२

हरी,

व्हायचं ते झालं.

शिमग्यात पालखी सहाणेच्या चौथऱ्यावर बसली होती. सगळा गाव, मुंबईची माणसं, माहेरवाशिणी, सगळे जमलेले. आप्पा मुंबईकरांना फोटोची गोष्ट सांगत होते. "पोरानं उभा ऱ्हाऊन सांगितलान, ह्यो माजा बाप!" भिकाजी जवळच उभा होता. मला वाटतं त्याच्याही मनात वाईट नव्हतं, पण त्याला राहवलं नाही. म्हणाला, "उभा राहिला खरा, आप्पा. पण म्हणाला, हा माणूस आमच्याकडला नव्हे." आणि मग त्यानं सगळं सांगितलं.

कुणीही हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. आप्पांनी माझ्याकडे बघितलं आणि मी मान खाली घातली, तेव्हा त्यांना दोन्ही गोष्टी कळल्या. तुझीही आणि माझीही. पालखी उठली तेव्हा खांदा द्यायची पाळी आप्पांची होती. आई गेली त्या वर्षीसुद्धा त्यांनी ती सोडली नव्हती. या वेळी त्यांनी शेजारच्याला पुढे केलं आणि घरी निघून आले.

मी पाठोपाठ गेले. त्यांच्या पायावर डोकं ठेवून रडले. तर मला म्हणतात, "तू कशाला रडतंस? चूक माजी हाय. सदरा घालून चडायला होवा होता." हरी, मला वाटलं होतं ते रागावतील. कोयती घेऊन तुझ्यामागे पुण्याला निघाले असते तरी मला चाललं असतं.

त्यांनी तुला निरोप सांगितलाय, तो त्यांच्याच शब्दांत लिहिते. "हरीला सांग, मना म्हाईत नव्हता तितं एवडी मोटी मानसं बगतात. मी उगडा चडलो, शेंडा तोडला, तेच्या अब्रूला धक्का दिला. तो बोल्ला ता बरोबर बोल्ला. कालेजात कोनाला सांगू नको म्हनावा, मी कोन ता."

बघ. ते तुझी माफी मागतायत.

आणि भाजावळ केलेली नाही. सगळ्यांच्या शेतातून धूर निघून गेला, आपली कवळं रचली तशीच पडून आहेत. विचारलं तर म्हणतात, हरीच्या पुस्तकात नको म्हणून लिहिलंय. भाजलं नाही तर तरवा तणात बुडेल आणि वर्षभर भात विकत आणून खावं लागेल, हे मी त्यांना सांगायचं? मला शिकवलं कुणी?

मी तुझ्यावर रागावलेय. पण मी तरी कोणत्या तोंडानं रागावू? टाळ्या मीच वाजवल्या होत्या.

आक्का


पुणे
२४ एप्रिल १९३२

आक्का,

हे पत्र पडवीत वाच. सगळ्यांना बोलाव, भिकाजी सुट्टीवर आला असेल तर त्यालाही. या वेळी एक अक्षर बदलू नकोस.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी प्रोफेसरांकडे गेलो. सांगितलं, तो माणूस माझे वडील आहेत. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, त्याच वेळी का नाही बोललास? त्यांनी खणातून त्या फोटोची एक कागदी प्रत काढून दिली आणि म्हणाले, शिफारस मी मागे घेत नाही, पण मुलाखतीत हे काढू नकोस.

मुलाखतीला तीन अधिकारी होते. त्यांच्यापुढे एक आल्बम होता आणि त्यात तोच फोटो. एकानं तो माझ्यासमोर सरकवला आणि विचारलं, यात काय चुकलंय? मी म्हणालो, हे माझे वडील आहेत. शेंडा त्यांनी फोटो काढणाऱ्याच्या सांगण्यावरून तोडला, आणि मी इथे शिकतो म्हणून तोडला. एरवी ते शेंडा राखतात. वर्गात मी त्यांना ओळख दाखवली नाही, ती माझी चूक.

त्यांनी आल्बम मिटला आणि पुढच्या मुलाला बोलावलं. काल यादी लागली. तिच्यात माझं नाव नाही. का नाही, ते कुणी सांगितलं नाही. मी इंग्रजी बोलताना अडखळलोही होतो, तेव्हा तेही असेल. आता इथेच राहून बी. एजी. पुरी करीन.

आप्पा, फोटो या पत्रात आहे. त्यात लाजण्यासारखं काही नाही. लाज मला वाटते ती माझी. भर वर्गात मी तुम्हाला नाकारलं.

हरी


खालची वाडी
५ मे १९३२

चि. हरीस,

तू सांगितलंस तसं सगळ्यांना बोलावलं. काकी आल्या, शेजारची तुळसा आली, वाडीतले झाडून सगळे आले. भिकाजी शेवटी आला आणि जोत्याच्या कडेला टेकला.

आधी फोटो बाहेर काढला. तो हातोहात फिरला. खाली इंग्रजीत एक ओळ छापलेली, ती भिकाजीनं मनात वाचली. काय लिहिलंय, असं काकींनी विचारलं तर म्हणाला, नुसतं गावाचं नाव आहे. एवढ्याशा ओळीला एवढा वेळ लागला नसता. त्यानं मानच वर केली नाही.

मग मी पत्र वाचायला घेतलं. एक अक्षर बदललं नाही. यादीत नाव नाही इथपर्यंत आले आणि आप्पांनी हात वर केला. "थांब. फोटू दे हिकडं."

फोटो त्यांच्या हातात पहिल्यांदाच येत होता. उजेडात नेऊन बघितला. जवळून बघितला, लांब धरून बघितला. हरी, तो फोटो चांगला आलाय रे. दातातला पदरसुद्धा दिसतो. त्यांचा दुसरा फोटो नाही, पुढे कुणी काढेल असंही नाही. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

आप्पा म्हणाले, "ह्यो मी नाय."

काकी म्हणाल्या, "अहो, असं काय? तुमीच की!"

"मी शेंडा तोडीन? ह्यो शेंडा तोडतोय. शेंडा तोडनारा मानूस आमच्याकडला नव्हं." मग ते भिकाजीकडे वळले. "माजा हरी खरा बोल्लान. आता कालेजात जाशील तवा सांग सगळ्यांना. हरीच्या बापानं फोटू बगितलान नि सांगितलान, ह्यो मी नव्हं."

भिकाजी हो म्हणाला. दुसरं काय म्हणणार? मग तो उठला, आप्पांच्या पाया पडला आणि निघून गेला. तुझं उरलेलं पत्र वाचायचं राहिलं. "लाज मला वाटते" इथपर्यंत मी पोचलेच नाही.

लोक गेल्यावर मला म्हणतात, कोरा कागद घे. त्या अधिकाऱ्यांना लिही, की फोटोतला माणूस आमच्या गावचा नाही, मुलाचा काहीतरी घोटाळा झालाय, तेव्हा त्याचं नाव पुन्हा यादीत घाला. खाली सगळ्या वाडीचे अंगठे घेतो. मी म्हटलं, आप्पा, असं होत नसतं. त्यांनी ऐकलं नाही. कागदावर पहिला अंगठा स्वतःचा उठवला. काल उन्हातान्हात दारोदार फिरले, काकींचा, तुळसाचा, सगळ्यांचे घेतले. ज्यांनी पाळण्यापासून त्यांना बघितलंय त्या माणसांनी, हा तो नव्हे, म्हणून अंगठे दिले. एकानंही नाही म्हटलं नाही.

मजकूर मात्र अजून लिहिलेला नाही. वर सगळा कागद कोरा आणि खाली अंगठे. तो माझ्यापुढे ठेवून आप्पा म्हणतात, लिही. माझ्यानं लिहवत नाही. फोटो त्यांनी आईच्या लुगड्यात गुंडाळून पेटीत ठेवलाय, मी बघत नाही असं समजून. कवळं शेतात तशीच आहेत. पावसाचे दिवस जवळ आले.

मी काय लिहू ते तू सांग.

तुझी आक्का


(पोस्टकार्ड)

पुणे
११ मे १९३२

ती. आप्पा,

आक्काला काही लिहायला सांगू नका. मीच लिहितो, आणि कुणालाही वाचता यावं म्हणून उघड्या कार्डावर लिहितो.

फोटोतला माणूस तुम्हीच आहात. मी खोटं बोललो आणि माझं खोटं खरं करायला तुम्ही स्वतःला नाही म्हणालात. आता पुरे. शेंडा माझ्यापायी तुटला. जंगल शिकलो तर तुमचा मुलगा म्हणून शिकेन, नाहीतर शिकणार नाही.

कवळं पेटवू नका, मी येतोय. या वर्षीची भाजावळ मी करीन. फोटो पेटीतून काढून पडवीत खांबाला लावा.

विठू, गावातलं प्रत्येक कार्ड तू वाटेत वाचतोस हे मला चांगलं ठाऊक आहे. हे मनात वाचू नकोस. सहाणेवर उभा राहा आणि मोठ्यानं वाच.

आप्पांचा मुलगा,
हरी